सातजिनसी पुडीतली सातवी वस्तू

सलकीन, २ एप्रिल १९८८

मामा, सलाम.

हे पत्र अबू दीबच्या बसने पाठवते आहे. टपालाने पाठवलं असतं तर तुमच्या हाती पडेपर्यंत जैतुनाचा फुलोरा झडून गेला असता. त्याला सांगितलंय, अत्तार बाजारात तुमच्या जडीबुटीच्या ओट्याशी स्वतः उतरून द्यायचं. तो बाजाराच्या तोंडाशीच कोणाच्या तरी हाती देतो, हे मला माहीत आहे.

कामाचंच लिहिते. आईचं शिंकणं अजून सुरू झालेलं नाही, पण तिने आत्तापासूनच घोषा लावलाय की नसूहकडून सातजिनसी पूड मागव. दर वसंतात तुमची पूड आली की तिचं नाक मोकळं होतं, हे मी लहानपणापासून बघते आहे. मलाही तुम्ही ती मधातून चाटवलीत. मी तुमच्या पुडीच्या विरुद्ध नाही, हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं न वाचताच रागवाल.

पण या हिवाळ्यात आईला रक्तदाब निघाला. डॉक्टरांनी अंगातलं पाणी उतरवणारी गोळी दिली आहे, रोज सकाळी एक. मी दवाखान्यात औषधं देते. माझ्या खिडकीशी येणाऱ्या प्रत्येक म्हातारीला मी विचारते, आणखी काय काय घेतेस बाई? मग माझ्याच आईला न विचारता कसं चालेल? तेव्हा त्या पुडीत कोणत्या सात जिनसा आहेत आणि किती किती, ते लिहून पाठवा. मी पडताळून बघते. ठीक असेल तर मीच तिला चमचा भरून देईन.

सात नावं, बाकी काही नको.

तुमची,
रुदैना

* * *

अलेप्पो, ७ एप्रिल

रुदैना पोरी,

तुझं पत्र मला साबणवाल्या मुनीबने आणून दिलं, तेही फोडून. म्हणाला, चुकून फुटलं. आता तो बाजारभर सांगत फिरतोय की अबू फवाजच्या, म्हणजे माझ्या, भाचीला मामाच्या पुडीचा भरवसा उरला नाही. तू दमिश्कला शिकायला गेलीस तेव्हा याच बाजारात मी पिस्त्याची मिठाई वाटली होती. फार चांगलं फळ दिलंस.

माझ्या वडिलांनी, म्हणजे तुझ्या आजोबांनी, ही पूड पन्नास वर्षं विकली. आता मी विकतो. जैतुनाला फुलं आली की इदलिबपासून आफ्रीनपर्यंतची माणसं डोळे पुसत माझ्या ओट्याशी येतात आणि हसत जातात. आजवर एकानेही तक्रार केलेली नाही. तुझ्या दवाखान्याला असं म्हणता येईल का?

तरी तू विचारलंस म्हणून सांगतो, दुसऱ्या कोणाला सांगितलं नसतं. लिहून घे. कलौंजी, सगळ्यात जास्त. झातर, तो डोंगरावरचा ओव्याच्या वासाचा पाला. कुर्रैस, म्हणजे ते हाताला झोंबणारं रानपान, सावलीत वाळवलेलं. बाबूनजची फुलं, ती शेवंतीच्या जातीची. बडीशेप. गुलाबपाकळी. झाल्या सहा.

सातवी नाही सांगणार. ती वडिलांनी मरताना मला आणि तुझ्या आईला सांगितली, आमच्याकडून शपथ घेऊन. एवढं सांगतो की ते औषधच नाही. लहान पोरं चघळतात असली वस्तू आहे. दाढी पिकली माझी, आता तुझ्याशी खोटं बोलून कुठे जाऊ?

पुडी सोबत पाठवतो आहे. आणि बहिणीची रमजानची भेटही आत्ताच पाठवतो, कारण पुढच्या आठवड्यात अबू दीबची बस माणसांनी भरलेली असेल. त्यात पांढरं चीज आहे, खजूर आहेत आणि दर वर्षीप्रमाणे सरबताच्या मुळ्यांचं गाठोडं आहे, या वेळी जरा मोठंच. भावाचं सरबत प्यायल्याशिवाय बद्रिया रोजा सोडत नाही, हे तुला ठाऊकच आहे.

मामा

* * *

सलकीन, १४ एप्रिल

मामा, सलाम.

चीज पोचलं, खजूर पोचले, टोमणेही पोचले. मुनीबला सांगा, पुढच्या वेळी मी पाकिटात पत्राऐवजी मिरपूड घालून पाठवणार आहे.

तुमच्या सहा जिनसांवर दोन संध्याकाळी बसले. कलौंजी चांगली. नाक गळणं, डोळे खाजणं यात काहींना तिने उतार पडतो असं पुस्तकंही म्हणतात, पण बेताने घेतली तर. पोटुशीला देऊ नये. साखरेची गोळी किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर विचारल्याशिवाय देऊ नये. ऑपरेशन ठरलं असेल तर काही दिवस आधी बंद करावी. तुमच्या ओट्यावर हे कोणी कोणाला विचारतं का? झातर, बडीशेप, गुलाब यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. बाबूनज मात्र गमतीची गोष्ट आहे. ज्यांना रानफुलांच्या परागाने शिंका येतात, त्यातल्या काहींना बाबूनजनेच जास्त त्रास होतो. मागच्या वसंतात एक गवंडी डोळे सुजवून माझ्याकडे आला होता, त्याच्या खिशात तुमची पुडी निघाली. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी तेव्हा लिहिलं नाही. म्हणजे एक तक्रार होती, मामा, ती फक्त तुमच्यापर्यंत आली नाही.

कुर्रैस लघवी वाढवतं आणि आईची गोळीही तेच करते. तेव्हा तेही जपूनच.

आणि सातवी? कोऱ्या जागेवर मी सही करत नाही. 'पोरं चघळतात' हे काही नाव नाही. पोरं खडूही चघळतात. नाव कळेपर्यंत आईला पूड मिळणार नाही. मी तिच्याकडून पुडी काढून घेतली आहे. ती म्हणाली ते एवढंच की बापाला दिलेला शब्द मोडायला शिकवणारी मुलगी तिने जन्माला घातली.

मुळ्यांचं गाठोडं मात्र तिने कोणाला हात लावू दिला नाही. ते तिचं तिने वर ठेवलंय. रमजान मुबारक.

रुदैना

* * *

सलकीन, ७ रमजान

दादा,

रुदैना दवाखान्यात गेलीय म्हणून लिहायला बसले. हे पत्र तुझ्या चीजच्या रिकाम्या डब्यात घालून पाठवते. अबू दीबला सांगितलंय की डबा धुतलेला नाही, म्हणजे कोणी उघडणार नाही.

पोरगी माझं कपाट जकातवाल्यासारखं तपासते. तिने पुडी काढून घेतली ती वरची. तू गाठोड्याच्या आत मुळ्यांच्या मधे दुसरी पुडी ठेवशील, हे मला माहीत होतं. मी काय तुला आज ओळखते? मी तिला सांगितलं, माझ्या कपाटात औषधाची एकही पुडी नाही. खरंच नाही. ती पिठाच्या डब्यात आहे.

जैतुनाला या साली असा फुलोरा आलाय की अंगण पिवळं झालं. पण माझं नाक बघ, स्वच्छ. रोजात दुपारचा चमचा घेता येत नाही म्हणून संध्याकाळचे दोन एकदम घेते आणि पहाटेच्या जेवणाला एक. पूड पूर्वीपेक्षा गोड लागते. बाबांची कडू असायची. तू हात सैल केलायस वाटतं. तोंडाला बरी लागते, म्हणून मी तक्रार करत नाही.

सरबत रोज करते. मुळ्या चोळून कापडात बांधते आणि दुपारभर थेंब थेंब पाणी सोडते. रुदैना एक घोट घेते नि तोंड वाकडं करते, म्हणून तिचा पेलाही मीच पिते. भावाची भेट टाकायची नाही.

तुला सांगायला हरकत नाही, पायांवर जरा सूज आहे. बोट दाबलं की खड्डा राहतो. आणि दुपारी अंगात जीव नसतो. रोजाचे दिवस आहेत, वय झालं, दुसरं काय? पोरीला काही कळवू नकोस. तिला कळलं तर ती माझा रोजाही बंद करेल, आणि या वयात मला गुन्हेगारासारखं दिवसा जेवायला लावेल.

नाव मी घेतलं नाही. तूही घेऊ नकोस.

बद्रिया

* * *

सलकीन, ३० एप्रिल

मामा, सलाम.

आज जरा रागातच लिहिते आहे. आईचा रक्तदाब वाढला आहे. गोळी नेमाने घेते, मी समोर उभी राहून देते, तरी वर चढतो आहे. पायांना सूज आहे. मला खात्री आहे, हे सगळं तुमच्या चीजच्या मिठाचं आहे. तिने सगळा डबा संपवून, घासून परतही पाठवला! मी चीज बंद केलं, लोणच्याच्या बरण्या कुलपात ठेवल्या, जैतूनसुद्धा तीनदा धुऊन देते. घरात मला सगळे तुरुंगाची दारोगीण म्हणतात.

डॉक्टरांना सांगून गोळी दुप्पट करून घेतली. मीच म्हटलं, वाढवा. आता बघू.

परवापासून तिच्या पोटऱ्यांत गोळे येतात. काल पाणी ओतताना हातातून तांब्या निसटला. ती म्हणते, रोजामुळे. मी म्हटलं, मग रोजा सोड, आजाऱ्याला सूट आहे. तर म्हणाली, मी आजारी नाही, तू मला आजारी करते आहेस.

पूड मी अजून दिलेली नाही. गंमत म्हणजे तरी तिला या वर्षी शिंका नाहीत. फुलोरा एवढा असून! देवाची कृपा म्हणायची.

रुदैना

* * *

अलेप्पो, ४ मे

पोरी,

माझ्या चीजला नावं ठेवायची नाहीत. ते हमाहून येतं आणि त्यात इतरांपेक्षा कमीच मीठ असतं. तू सांगतेस तसं असेल तर अर्धं अलेप्पो आजारी पडलं असतं.

शिंका नाहीत हे वाचून बरं वाटलं. देवाची कृपाच.

पोटऱ्यांत गोळे येतात म्हणतेस ते कधी, चालताना की झोपताना? तिच्या पोटऱ्यांना कोमट तेल लाव. हातातून तांब्या निसटला म्हणजे घामाने निसटला, की हाताला जोरच नव्हता? नीट बघून कळव. काही नाही, सहज विचारतो आहे. तिला म्हणावं, दादा म्हणतो की दोनच्या जागी एक पुरे. तिला कळेल. खजुरांबद्दल म्हणतो आहे मी.

दुकानात पाय ठेवायला जागा नाही. या वर्षी सातजिनसीला मागणी अशी आहे की मुनीबही साबण सोडून पुडीचा विचार करायला लागलाय. सातवी वस्तू कुठून मागवता, असं तो मला चहा पाजून विचारत होता. रोज्याच्या महिन्यात, रोजा सुटल्याबरोबर! बाजारात कोणी म्हणतं येमेनहून येते, कोणी म्हणतं हिंदुस्थानातून. मी नुसता हसतो.

मामा

* * *

इदलिब, ९ मे, दवाखान्यातून

मामा,

अबू दीबला प्रवासी न घेता रिकामीच बस काढायला लावून हे पाठवते आहे. वाचाल तिथल्या तिथे उत्तर लिहा, तो थांबेल.

आई काल दुपारी अंगणात पडली. उठता येईना, पाय तिचे नाहीतच असे लोळत होते. छाती धडधडते म्हणाली, मग बोलायची थांबली. शेजाऱ्यांच्या गाडीतून इथे आणलं. हृदयाचे ठोके वेडेवाकडे पडतात. मधेच एक हरवतो, मग तीन एकदम येतात. मी पडद्याकडे बघत बसले आहे आणि हरवलेला प्रत्येक ठोका मोजते आहे.

इथले डॉक्टर ओहानेस म्हातारे आहेत, शांत आहेत. म्हणाले, रक्तातलं पोटॅशियम तळाला गेलंय. तुमच्या गोळीने थोडं जातं, पण इतकं नाही. आणि नुसत्या गोळीने रक्तदाब उतरायला हवा होता, हिचा तर चढला आहे. मला तीनदा विचारलं, ही बाई आणखी काय घेते? मी तिन्ही वेळा सांगितलं, काही नाही. मी औषधं देणारी, मी छाती ठोकून सांगितलं, काही नाही!

मग त्यांनी विचारलं, ज्येष्ठमध खाते का? मी म्हटलं, रमजानात या देशात कोण सरबत पीत नाही? रोज एक पेला. ते म्हणाले, तीन आठवड्यांत एका पेल्याने इतकं होणार नाही, कुठूनतरी आणखी येतंय. कुठून येतंय ते कळलं नाही तर आम्ही वरून भरत राहू आणि ते खालून गळत राहील. दोन रात्रींचा अवधी आहे असं म्हणाले. माझ्यापासून लपवलं नाही, कारण मी याच धंद्यातली.

मामा, मला तुमचं गुपित नको. आजोबांची शपथ नको. आईने तुमची पूड घेतलेली नाही असं मी डॉक्टरांना सांगितलंय. आता तुम्ही मला दोनच गोष्टी सांगा. घेतली का? आणि सातवी वस्तू काय आहे?

रुदैना

* * *

अलेप्पो, ९ मे, अबू दीब ओट्याशी उभा आहे

रुदैना,

घेतली. रोज तीन चमचे. मीच गाठोड्यात लपवून पाठवली होती. तिने मला सात रमजानला कळवलं, मी तुझ्यापासून लपवलं.

सातवी वस्तू ज्येष्ठमध. बाबा किलोला दोन चमचे घालत. मी गेली काही वर्षं किलोला पाव किलो घालतो.

सरबतही ती दोन पेले पिते, एक तुझा.

डॉक्टरांना आधी हे सांग. मग मला काय बोलायचं ते बोल. दुकान बंद करतो आहे, मिळेल त्या गाडीने येतो.

नसूह

* * *

सलकीन, २४ मे

मामा, सलाम.

ईद झाली. तुम्ही आईच्या खाटेशी आठवडाभर बसलात आणि त्या आठवड्यात मी तुमच्याशी एक शब्द बोलले नाही. तुम्ही डब्यातून माझ्यासाठी जेवण आणत होतात, तेही मी उघडलं नाही. आज बोलते आहे. समोर बोलले असते तर ओरडले असते.

तुमची चिठ्ठी अबू दीबने आणली तेव्हा डॉक्टर वाटेतच भेटले. त्यांनी ती उभ्या उभ्या वाचली आणि म्हणाले, हा माणूस शहाणा आहे, प्रमाणही लिहिलंय. मग काय द्यायचं, काय थांबवायचं आणि किती दिवस, ते त्यांना कळलं. तिसऱ्या दिवशी ठोके सुरळीत झाले. ते तुम्ही पाहिलंत. तुम्ही पाहिलं नाही ते सांगते. चिठ्ठी वाचल्यावर मी जिन्यात बसून हसले. ज्येष्ठमध! ज्याचं सरबत पितळी झांजा वाजवत रस्त्यावर विकतात तो! त्याच्यासाठी माझी आई मेली असती.

मी तुमच्यावर अजून रागावलेली आहे. 'दोनच्या जागी एक पुरे, खजुरांबद्दल म्हणतो.' ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचते. तुम्हाला शंका आली होती, मामा. चार मेला आली होती. ती शंका तुम्ही खजुरांत लपवलीत.

पण तेवढंच लिहिलं तर तेही अर्धंच होईल. गोळी दुप्पट मी करून घेतली. मीच तिला पाण्यात ढकललं, तुम्ही पायाला दगड बांधलात एवढाच फरक. आणि मी घरभर पुडी शोधली, पण आईला खाली बसवून, हात धरून कधी विचारलं नाही की तू घेतेस का. नुसती उलटतपासणी केली. माझ्या खिडकीशी येणाऱ्या म्हाताऱ्यांनाही मी 'औषध घेतेस का' असंच विचारत आले. त्या नाही म्हणतात आणि त्या खोटं बोलत नाहीत. मुळी, सरबत, भावाने दिलेली पुडी ही त्यांच्या लेखी औषधंच नाहीत. आता मी विचारते, काल सकाळपासून तोंडात काय काय गेलं ते सांग. पहिल्याच दिवशी अकरा जणींनी सात वेगवेगळ्या पुड्यांची नावं घेतली. त्यातल्या चौघींची तुमची.

तेव्हा माझं म्हणणं ऐका. दुकान बंद करू नका. तुम्ही आईला तसं म्हणालात, ती रडत होती. पूड वाईट नाही. ज्याला रक्तदाब नाही, हृदयाचं, मूत्रपिंडाचं दुखणं नाही, पोटुशी नाही, त्याने थोडे दिवस, थोडी घेतली तर घ्यावी. पण पुडीवर सातही नावं लिहा, आणि कोणी घेऊ नये तेही लिहा. ज्येष्ठमध पुन्हा दोन चमच्यांवर आणा, नाहीतर काढूनच टाका.

लिहिलं नाहीत तर मी सलकीनमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तोंडाने सांगेन, आणि अबू दीबच्या बसच्या मागच्या काचेवर लिहून घेईन. तो तयार आहे, मी विचारलंय. तुमची भाची आहे, हट्ट कुठून आलाय ते तुम्हाला माहीत आहे.

आई बरी आहे. फुलोरा झडायला आलाय आणि ती मनसोक्त शिंकते आहे. इतकी गोड शिंक मी कधी ऐकली नव्हती.

रुदैना

* * *

अलेप्पो, ११ जून

रुदैना पोरी,

तुझं पत्र मी तीन दिवस गल्ल्याखाली ठेवलं होतं. काचेवर लिहिण्याची धमकी वाचून आधी रागच आला. मग वाटलं, ही माझ्या बापाचीच नात. त्यानेही असंच धमकावून बाजारातल्या भेसळवाल्याला हाकललं होतं.

तुला एक गोष्ट सांगतो. ती बद्रियाला माहीत आहे, दुसऱ्या कोणाला नाही. बाबांनी शपथ का घेतली? बाजार म्हणतो तशी मीही वर्षानुवर्षं समजूत करून घेतली होती की पुडीचा सारा गुण सातवीत आहे. तसं काही नव्हतं. बाबांना लाज वाटायची. लोक लांबून येत, कौतुकाने विचारत आणि उत्तर काय, तर फुरात नदीच्या काठी माजणारं, गाढवंही खातात ते मूळ. सरबतवाला ज्याची बोंब मारत फिरतो ते. नाव सांगितलं तर उद्या कोण येईल, असं ते म्हणायचे. पूड फार कडू लागू नये म्हणून चिमूटभर गोडी, एवढंच तिचं काम होतं. मग माझ्या हातात आल्यावर गिऱ्हाईक म्हणे, अबू फवाज, तुमची पूड बाबांपेक्षा गोड. मला बरं वाटायचं. दर साली हात थोडा सैल झाला. मला कौतुक हवं होतं, पोरी, त्यापायी मी बहिणीला विष पाजलं. हे मी तुला लिहून देतो आहे, म्हणजे कधी मी बढाया मारायला लागलो की काढून दाखवशील.

ईदेला इदलिबहून परतलो तो थेट कबरस्तानात गेलो. सगळे लोक कबरींवर आसाच्या सुवासिक फांद्या ठेवत होते. मीही ठेवल्या. बाबांना म्हटलं, नाव सांगितलं मी. तुमची शपथ मोडली, तुमची मुलगी वाचली. आता जे बोलायचं ते बोला. घरी आलो तेव्हा हलकं वाटत होतं.

मग कामाला लागलो. ज्येष्ठमध बाबांच्या दोन चमच्यांवरही नाही आणला, काढूनच टाकला. जुन्या पुड्या परत मागवल्या. बाजारात ओरडून सांगितलं की बदलून देतो. काही आल्या, काही येणार नाहीत. आता पूड कडू आहे. मुनीबने जुनी, गोड पूड करून शेजारी लावली आहे आणि कागदावर एक अक्षर लिहिलेलं नाही. त्याच्याकडे गर्दी आहे. असू दे. मी माझ्या ओट्यावर बसून त्याच्या गिऱ्हाइकांनाही हाका मारून विचारतो, बाई, प्रेशरची गोळी घेता का? तो माझ्यावर संतापलाय. मी काही थांबत नाही. माझ्याकडेही आता माल देण्याआधी तुझे सगळे प्रश्न विचारतो. लोक म्हणतात, अबू फवाजने अत्तारी सोडून पोलिसात नोकरी धरली.

परवा मआरातहून एक बाई आली. पुडी घेतली, पैसे दिले, दोन पावलं गेली, कागद वाचला आणि परत आली. तुझ्या आईएवढीच असेल. म्हणाली, मी पाणी उतरवणारी गोळी घेते, मग हे नको का मला? मी म्हटलं, नको. ती म्हणाली, मागच्या वर्षी तर दिलं होतंत. मी म्हटलं, मागच्या वर्षी मी गाढव होतो. ती हसली. मला मात्र हसता आलं नाही. तिलाही कुठेतरी भाऊ असेल.

पुढच्या रमजानला बहिणीच्या भेटीत सरबताच्या मुळ्या नसतील. जर्दाळूच्या वाळवलेल्या पोळ्या पाठवीन. त्यांचंही सरबत होतं, आणि डॉक्टर ओहानेस म्हणाले की तिच्या हृदयाला ते मानवेल, तरी तू त्यांना पुन्हा विचारून घे. बद्रिया म्हणेल, दादा कंजूष झाला, रीत बदलली. म्हणू दे. आणि या खेपेला गाठोड्याच्या आत काही लपवलेलं नसेल. तुझ्या समोर सोडायला सांग.

सोबत एक नवी पुडी आहे. घ्यायला नाही, वाचायला पाठवतो. मजकूर मीच लिहिला, छापखान्यातल्याने दोनदा विचारलं की हे खरंच असंच छापायचं का? व्याकरण तू तपास, बाकी काही बदलायचं नाही.

मामा

(पुडीवरचा छापील मजकूर)

नसूह अत्तार यांची वसंत पूड. शिंका, नाक गळणे, डोळे खाजणे यासाठी. यात आहे कलौंजी, झातर, कुर्रैस, बाबूनज, बडीशेप, गुलाबपाकळी. सातवी वस्तू ज्येष्ठमध होती, ती काढली आहे. पोटुशीने, रक्तदाबाची, साखरेची, रक्त पातळ करणारी किंवा पाणी उतरवणारी गोळी घेणाऱ्याने, ऑपरेशन ठरलेल्याने आणि रानफुलांनी डोळे सुजणाऱ्याने घेऊ नये. घेतलीच असेल तर डॉक्टरांना सांगावे. हेही औषधच आहे.

माझ्या सख्ख्या बहिणीला मी ही पूड देत नाही. का, ते ओट्यावर येऊन विचारा, सांगतो.